खाटेजवळचं पाणी

"काका, बाबा तर नांदेडला आहेत. मग हे कुणाचं?"

फोनवर वर्षा होती. मी दवाखान्याचं शटर नुकतंच वर सरकवलं होतं. एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात मोबाइल. मला प्रश्नच कळला नाही.

"काय कुणाचं?"

"हॉलमध्ये पाणी आहे. खाटेजवळ. रोज असायचं तिथंच. तेवढंच."

ती लघवीला पाणी म्हणाली. सासऱ्यांच्या बाबतीत दुसरा शब्द तिनं कधी वापरला नव्हता. मी तिथंच पेशंट तपासायच्या टेबलावर बसलो. ज्या टेबलावर कुत्री ठेवायची, त्यावर मी बसलो. दार उघडं होतं. रस्त्यावरचे लोक बघत असतील, पण उठायचं सुचलं नाही.

खाट माणिकरावांची. म्हणजे वर्षाच्या सासऱ्यांची. ती खाट त्या दिवशी रिकामी होती, कारण माणिकराव नांदेडच्या एका हॉस्पिटलमध्ये लघवीची नळी लावून पडले होते. त्यांना तिथं मीच पोचवलं होतं. गाडीत घालून नव्हे. एक वाक्य बोलून.

ते वाक्य मी का बोललो, ते सांगतो.

मी जनावरांचा डॉक्टर. सरकारी नोकरी सगळी नांदेड जिल्ह्यात झाली. किनवटला जंगलातली खेडी, कंधारला बैल, हदगावला म्हशी. कुत्रं तपासायला कुणी आणायचं नाही. आणलंच तर ते चावलेल्या माणसाबरोबर यायचं, बांधून. रिटायर झाल्यावर मुलाकडं लातूरला आलो आणि बघतो तर इथं घरोघरी लॅब्रेडॉर. डॉक्टर, क्लासवाले मास्तर, व्यापारी, सगळ्यांकडं. मी एक गाळा घेतला आणि कुत्र्यांचा दवाखाना टाकला. म्हशीचा हात कुत्र्यावर बसवायला काही महिने लागले. मग बसला असं मला वाटलं.

माझं नाव झालं ते खाजेवर. लातूरच्या उन्हाळ्यात कुत्र्यांना खाज फार सुटते. गोचीड, पिसवा, कोरडी हवा, कधी खाण्याची अॅलर्जी. कुत्रं स्वतःला ओरबाडून रक्तबंबाळ करतं. घरच्यांना झोप नाही. मी एक इंजेक्शन द्यायचो. दुसऱ्या दिवशी खाज बंद. औसा, निलंगा, उदगीरहून लोक गाडीत कुत्रं घालून यायला लागले. "ते खाजेचे डॉक्टर कुठं बसतात?" असं विचारत यायचे. मला ते ऐकायला बरं वाटायचं.

ते इंजेक्शन स्टेरॉइडचं असायचं. स्टेरॉइड म्हणजे अंगातली आग तात्पुरती दाबणारं औषध. आग विझत नाही, दबते. मी देत होतो त्यातला प्रकार असा, की एकदा टोचला की औषध अंगात हळूहळू सुटत राहतं, तीन-चार आठवडे. मालकाला सोपं. गोळ्या भरवायची कटकट नाही.

माणिकराव हे माझे जुने ओळखीचे. मी हदगावला असताना ते तिथल्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली ते माइकवर सांगायचं, ते काम. आवाज असा, की माइक बंद असला तरी पलीकडच्या हॉटेलात भजी तळणारा मान वर करायचा. प्रत्येक गाडी ते दोनदा सांगायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पहिल्यांदा मानूस नुसता दचकतो, डॉक्टर. ऐकतो ते दुसऱ्यांदा."

माझी लस नांदेडहून बर्फाच्या डब्यात एसटीनं यायची. मी खेड्यावर असलो तर डबा स्टँडवर पडून राहायचा. माणिकराव तो आपल्या खिडकीच्या आत घ्यायचे, ओलं पोतं टाकायचे आणि बाजाराच्या दिवशी भर गर्दीत माइकवरून ओरडायचे, "जनावराचे डॉक्टर, जनावराचे डॉक्टर, तुमचा बर्फ पानी होऊन राहिलाय!" सगळा बाजार हसायचा. पण हदगाव तालुक्यात माझी लस कधी वाया गेली नाही. ती त्यांच्यामुळं.

बायको गेल्यावर ते लातूरला मुलाकडं राहायला आले. मुलगा संतोष एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. सून वर्षा शाळेत शिक्षिका. घर छान, नवीन. माणिकरावांची खाट हॉलमध्ये, मागच्या दाराजवळ, कूलरच्या वाऱ्यात. आणि खाटेखाली ऑस्कर. पाच वर्षांचा पिवळा लॅब्रेडॉर. माणिकराव त्याला ऑस्कर म्हणायचे नाहीत. पाव्हणा म्हणायचे.

"काय पाव्हणं, झाली का झोप?" आणि मग माझ्याकडं बघून डोळे बारीक करत, "या घरात आमी दोगं पाव्हणे, डॉक्टर. त्याला पट्टा हाय, मला न्हाई, एवढाच फरक."

ऑस्करला खाज सुटली तेव्हा त्यांनीच माझं नाव सुचवलं. मी इंजेक्शन दिलं. खाज गेली. महिन्यानं परत आली, परत दिलं. मग ते महिन्याचं ठरूनच गेलं. उन्हाळा चढत होता.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर माणिकरावांचा मला फोन आला. नेहमीपेक्षा जास्त मोठा आवाज.

"डॉक्टर, घरी या. साक्ष द्यायचीय."

"कसली साक्ष?"

"इथं माझ्यावर आळ आलाय. तुमी या. जनावराचं मानूस तुमी, तुमाला कळंल."

मी गेलो. सकाळची वेळ होती. मागच्या दारापाशी, खाटेजवळ फरशीवर एक थारोळं होतं. मला दाखवायला म्हणून वर्षानं ते पुसलं नव्हतं. आठवडाभर रोज सकाळी असंच निघत होतं, आणि एकदा दुपारी, घरात माणिकराव आणि ऑस्कर दोघंच असताना. करताना कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. माणिकराव म्हणत होते की कुत्र्यानं केलं. घरचे म्हणत होते की ऑस्करनं पिल्लू असल्यापासून घरात कधी थेंब टाकलेला नाही. दाराशी जाऊन उभा राहतो, नखानं दार खाजवतो, मगच बाहेर. आणि माणिकरावांना प्रोस्टेटचा जुना त्रास होता, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची गाठ. म्हातारपणी ती वाढते आणि लघवीचा त्रास होतो.

"काका, तुम्ही खरं काय ते सांगा," वर्षा म्हणाली. ती चिडलेली नव्हती, थकलेली होती. शाळेत जायच्या आधी रोज फरशी धुवायची. लातुरात फरशी धुवायची म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. नळाला पाणी कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. ड्रम भरून ठेवायचे आणि तांब्या-तांब्यानं वापरायचं. "ऑस्कर असेल तर तसं सांगा. मी कुणाच्या अंगावर मुद्दाम ढकलत नाही."

मी खाली वाकलो. वास घेतला. मी हे इतक्या ऐटीत केलं, की आज आठवलं तरी मला माझी लाज वाटते. वास जवळजवळ नव्हताच. रंग पाण्यासारखा.

"कुत्र्याच्या लघवीला उग्र वास असतो," मी म्हणालो. "हिला वास नाही. शिवाय नर कुत्रं तंगडी वर करून भिंतीला, दाराला करतं. हे मधोमध थारोळं आहे. आणि शिकवलेलं कुत्रं पाच वर्षांनी अचानक घरात करत नाही."

"म्हणजे?" संतोष म्हणाला.

"म्हणजे हे ऑस्करचं नाही."

हेच ते वाक्य.

माणिकराव खाटेवर बसले होते. त्यांनी आधी खाटेखाली ऑस्करकडं पाहिलं. मग म्हणाले, "डॉक्टर, तो पानी लई पिऊन राहिलाय. मी सवता पाजतो त्याला. तांब्यावर तांब्या."

"उन्हाळा आहे, माणिकराव."

"उन्हाळा काय मला न्हाई का?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वय झालं की होतं. लाजायचं काय त्यात?" आणि संतोषला म्हणालो, "संध्याकाळनंतर पाणी जरा कमी देत जा. एखाद्या डॉक्टरला दाखव."

माणिकरावांनी माझा हात खांद्यावरून काढून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, वस्तू ठेवावी तसा. म्हणाले, "मी तुमाला साक्षीला बोलावलं व्हतं. तुमी निकाल देऊन मोकळे झालाव."

त्यानंतर ते त्या विषयावर घरात एक शब्द बोलले नाहीत. हे मला नंतर कळलं. ओरडणारा माणूस गप्प झाला, ते घरच्यांना कबुलीसारखं वाटलं. वर्षानं त्यांच्या गादीखाली प्लॅस्टिक घातलं. नातेवाइकांत बातमी गेली. संतोषचा एक चुलतभाऊ एसटीत ड्रायव्हर आहे. त्यानं हदगाव डेपोच्या जुन्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, 'कंट्रोलरचाच कंट्रोल गेला.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. माणिकराव त्या ग्रुपवर होते.

लातूरच्या एका डॉक्टरांनी घरच्यांनी सांगितलेली हकिगत ऐकून लघवी रोखायच्या गोळ्या दिल्या. आपोआप लघवी सुटणाऱ्याला त्या गोळ्या उपयोगी पडतात. पण माणिकरावांना सुटतच नव्हती. उलट गाठीमुळं ती आधीच अडखळत होती. गोळ्यांनी ती पूर्ण अडकली. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. त्यांची मुलगी नांदेडला असते, तिच्या ओळखीचं हॉस्पिटल होतं, म्हणून तिकडं नेलं. नळी घातली तेव्हा जीव वाचला. मूत्रपिंडावर ताण आला होता, म्हणून ठेवून घेतलं.

आणि ते नांदेडला असताना वर्षाचा हा फोन.

"ऑस्करला घेऊन या," मी म्हणालो. "त्याला काही देऊ नका. आत्ता या."

संतोष आणि वर्षा दोघं आले. ऑस्कर उड्या मारत आला. त्याला दवाखाना आवडायचा, बिस्किट मिळायचं. मी बाहेर लिंबाच्या झाडाशी त्याची लघवी बाटलीत धरली. तंगडी वर केलीच नाही त्यानं. चारी पायांवर वाकून सोडत राहिला, सोडत राहिला. संपेचना. संतोष बघत होता आणि मीही बघत होतो.

आत येऊन तपासलं. साखर नाही. पू नाही, रक्त नाही. मग थेंबभर लघवी त्या छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर घेतली. ती किती घट्ट किंवा किती पातळ, ते त्यात दिसतं. जवळजवळ नुसतं पाणी होतं. वास कुठून येणार? तेव्हा वास नव्हता तो याच कारणानं. ज्या खुणेवरून मला कुत्रं आजारी आहे हे कळायला हवं होतं, त्याच खुणेवरून मी माणसाला दोषी ठरवलं होतं.

वर्षानं कोपऱ्यातला मग नळाखाली भरून ऑस्करपुढं ठेवला. त्यानं रिकामा केला. तिनं परत भरला. परत रिकामा. तिसऱ्यांदा भरताना ती थांबली.

"माठ रोज रिकामा व्हायचा," ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते मला कळलं नाही. "मी बाबांना म्हणायची, एवढं पाणी पिता म्हणून होतं. मग संध्याकाळी त्यांना एकच तांब्या द्यायला लागले. तोही..."

"तोही त्यालाच पाजला असंल," संतोष म्हणाला. एरवी पुस्तकी बोलणारा मास्तर, त्या वेळी बापाच्या बोलीत बोलला.

ऑस्करचं भांडं घरात ठरलेलं होतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा भरायचं. मोजून पाणी वापरणाऱ्या गावात कुत्र्याचं पाणीही ठरलेलंच असतं. त्यामुळं त्याची तहान वाढली हे घरात कुणाला कळायला मार्ग नव्हता. ज्यांना कळलं त्यांनी मला सांगितलं होतं. मी त्यांना उन्हाळा सांगितला.

मग संतोष म्हणाला, "काका, आज त्याच्या इंजेक्शनचीही वेळ झालीय ना? ते पण देऊनच टाका."

मी सवयीनं ट्रेकडं हात नेला. बाटली हातात घेतली. आणि हात तिथंच राहिला.

स्टेरॉइडनं तहान वाढते. तहान वाढली की लघवी वाढते. इतकी, की शिकवलेलं कुत्रंही पहाटेपर्यंत धरू शकत नाही, आणि दार बंद असलं की दाराशीच सोडतं. हे काही मोठं ज्ञान नाही. कॉलेजात हे शिकवतात, परीक्षेत येतं, मीही लिहून पास झालो होतो. बाटलीबरोबरच्या कागदावर छापलेलं असतं. मी चाळीस वर्षं बैलांना, म्हशींना स्टेरॉइड टोचलं. म्हैस गोठ्यात दुप्पट मुतली तर कोण तक्रार करणार? उलट शेणखताला बरं. एकाही शेतकऱ्यानं मला कधी सांगितलं नाही, म्हणून माझ्या डोक्यातून ती गोष्ट पुसूनच गेली होती. मी कुत्र्यांचा डॉक्टर झालो, पण माझ्या मनात कुत्रं गोठ्यातच राहत होतं.

"काय झालं, काका?"

"हे मी केलंय," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी ऑस्करबद्दल बोलतोय. मग मी सगळं सांगितलं. इंजेक्शन, तहान, लघवी, क्रमानं. संतोष फिजिक्सवाला. त्याला क्रम पटकन कळला.

"हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

मी बाटली परत ट्रेमध्ये ठेवली. संतोष खुर्चीवरून उठला, ऑस्करचा पट्टा धरला, परत बसला. "म्हणजे तुमचं इंजेक्शन याला, अन् गोळ्या बाबांना." एवढं बोलून तो एकदा हसला. ते हसणं मला अजून ऐकू येतं. वर्षा भिंतीकडं तोंड करून उभी होती.

ऑस्करचं पुढं सोपं होतं. ते इंजेक्शन बंद केलं. गोचिडांचं औषध दिलं, खाणं बदललं. आधीच्या इंजेक्शनाचा अंश अंगातून जाईपर्यंत हॉलमध्ये दोन-चारदा झालं, मग थांबलं. खाजही गेली. तीन इंजेक्शनांत मी जे केलं नाही, ते गोचिडाच्या औषधानं केलं.

निघताना संतोष दारात थांबून म्हणाला, "काका, बाबांना आत्ता काही सांगू नका. आधीच त्रास आहे. प्रोस्टेट तर होतंच ना त्यांना?"

मला ते ऐकून हायसं वाटलं. एवढंही लपवत नाही. पण चार दिवसांनी मी नांदेडची एसटी पकडली.

माणिकराव खिडकीजवळच्या कॉटवर होते. बाजूला नळीची पिशवी लटकलेली. मला बघून त्यांनी चादर ओढून पिशवी झाकली. मी पायथ्याशी स्टुलावर बसलो आणि सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. झाल्यावर म्हणाले, "पाव्हण्याला पानी देतेत का आता पोटभर?"

"देतात."

"मग झालं."

"माणिकराव, माझी चूक..."

"मला कामून सांगून राहिलाव?" ते म्हणाले. आवाज चढला, शेजारचा पेशंट वळून बघायला लागला. "मला म्हाईतच हाय ना मी न्हाई केलं ते! ज्याला म्हाईत न्हाई त्याला सांगा. हदगावच्या स्टँडात जाऊन सांगा. तिथं हसून राहिलेत माझ्यावर. तुमचा बर्फ वितळायचा तव्हा मी आख्ख्या बाजाराला सांगायचो का न्हाई?"

"सांगायचात."

"मग तुमी एवढं एक सांगा."

मी हो म्हणालो. हात धरून म्हणालो.

आणि सांगितलं नाही.

कारणं होती. खाजेचे डॉक्टर म्हणून लोक लांबून येत होते. व्हॉट्सअॅपवर टाकलं तर ते लातूरला यायला किती वेळ लागणार? मी मनाशी म्हणालो, माणिकराव बरे होऊन घरी आले की त्यांच्यासमोरच सगळ्यांना सांगू. ते घरी आलेच नाहीत. नळी निघाली, ठणठणीत झाले, पण मुलीकडंच राहिले. संतोष दोनदा न्यायला गेला. पाया पडला. माफी मागितली. त्यांनी त्याला जेवायला घातलं, नातवंडांची चौकशी केली आणि परत पाठवलं. "तिथं माझी खाट दाराजवळ हाय," एवढंच म्हणाले. संतोष ऑस्करला मात्र गाडीत घालून महिन्यातून एकदा त्यांच्याकडं नेऊन आणायचा. ते त्यांनी चालवून घेतलं.

गेल्या वर्षी ते वारले. हृदयाचा झटका, लघवीशी संबंध नाही. तेराव्याला मी गेलो होतो. हदगाव डेपोचे जुने लोक आले होते. जेवणं झाल्यावर मंडपात त्यांच्या आवाजाच्या, माइकच्या गोष्टी निघाल्या. कुणीतरी बर्फाची गोष्टही सांगितली, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मग एक जण, वाईट मनाचा नव्हे, नुसता ओघात म्हणाला, "शेवटी शेवटी मात्र बिचाऱ्याचा कंट्रोल गेला व्हता म्हनं." दोघं-तिघं हळूच हसले. संतोष ताटं उचलत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हातातल्या चहाकडं पाहिलं.

मी तिथं बोलायला हवं होतं. ज्यांना सांगायचं होतं ती माणसं समोरच होती. मी चहा संपवला.

या उन्हाळ्यात मी दवाखाना बंद केला. गुडघे साथ देत नाहीत. आता नाव जायची भीती उरली नाही, तेव्हा मला धीर आला. असला धीर काय कामाचा, ते मलाही कळतं. तरी मी हदगावला गेलो. स्टँडवर बाकावर एक म्हातारा रिटायर ड्रायव्हर भेटला. मला ओळखलं त्यानं. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "हाव, पन डॉक्टर, ते ग्रुपवरचे निम्मे गेले आता. नवीन पोरांना तर कंट्रोलर कोन तेच म्हाईत न्हाई. त्यांना एवढंच म्हाईत हाय, की व्हता एक, मुतायचा. ऱ्हाऊ द्या आता. कुनाला पडलंय?"

माणूस पुसला गेला होता, आणि मी त्याच्यावर टाकलेला डाग तेवढा उरला होता.

म्हणून हे लिहिलं. कुत्रं पाळणाऱ्यांसाठी यात सांगण्यासारखं थोडंसंच आहे. शिकवलेलं कुत्रं अचानक घरात लघवी करायला लागलं तर त्याला मारू नका, त्याचं पाणी तोडू नका. ते किती पाणी पितं ते बघा आणि डॉक्टरला विचारा की गेल्या महिन्यात त्याला काय टोचलं होतं. डॉक्टर चिडला तर डॉक्टर बदला. आणि घरातला म्हातारा माणूस मी नाही केलं म्हणाला, तर वास घेत बसण्याआधी त्याचं ऐकून घ्या.

बाकी हे हदगावसाठी. स्टँडवरच्या मंडळींनी लक्ष द्यावं. ते पाणी ऑस्कर नावाच्या कुत्र्याचं होतं, माझ्या इंजेक्शनामुळं आलेलं. माणिकराव कंट्रोलरांचं नव्हतं.

ते पाणी माणिकराव कंट्रोलरांचं नव्हतं.